पाहणी

हे टूल डोळे देत नाही.
पहिलं वाक्य असं लिहिलं, आणि खोडलं.
पुण्याहून निरोप होता : वाचणारा माणूस नाही, एजंट आहे.
त्याला उपमा नकोत.
काय मागितलं की काय मिळतं, तेवढं सांगा.

म्हणून लिहिलं :
सीनमध्ये काय आहे ते आधी विचारा.
मुळापासून सुरुवात करा, एका वेळी दोन पायऱ्या उतरा.
सगळा ट्री एकदम मागू नका,
शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात विसराल.

ओसरीवर बाबा तुरीच्या शेंगा सोलत होते.
एकोणतीस वर्षं कोतवाल, खैरगाव, तालुका राळेगाव.
सात तलाठी पाहिले त्यांनी.
त्यातला एक धुऱ्यावर कधी गेलाच नाही,
चावडीत पंख्याखाली पेन उघडून बसायचा :
गणवीर, घोडामांच्या वावरात काय आहे?
जाऊन पाहा लागते साहेब.
तू सांग ना.
मी काल पायलं. आजचं मले काय माहीत.

हे मी जवळजवळ तसंच घातलं, विभाग चारमध्ये :
चालू सीनचं उत्तर त्या क्षणापुरतं असतं.
काही बदलण्याआधी पुन्हा विचारा.

उदाहरणासाठी सीन लागतो.
कंपनीच्या सीनमध्ये किल्ला होता आणि ड्रॅगन.
मी हापशी उभी केली, टाकी, दोन निंबं,
गोठा, आणि गोठ्याच्या पोटात पाच बकऱ्या,
बकरी_०१ पासून बकरी_०५ पर्यंत.

एजंटला विचारलं, बकऱ्या किती?
पाच.
स्क्रीनवर चार.
मी बोट लावून मोजल्या, झूम करून मोजल्या,
निंबामागे कॅमेरा नेला.
चार.

मग एक-एक नोड तपासायला लावला.
बकरी_०३. दृश्य : होय. पॅरंट : गोठा.
उंची : उणे नऊ लाख बारा हजार.
मी श्वास घेतला, पुन्हा विचारायला लावलं.
उणे नऊ लाख तेरा हजार.

हापशीजवळच्या एका तुकड्याला
कोलायडर लावायचा राहिला होता.
जमीन दिसत होती, पेलत नव्हती.

बाबांना सांगितलं. हसतील वाटलं.
कवापासून?
सकाळी साडेनऊ.
अन बाकीच्या?
चरताहेत.
त्यांनी एक शेंग उलगडली, दाणे सुपात टाकले.
कोनाची व्हती?
गोठ्याची, म्हटलं. नोंदीत अजून गोठ्यातच आहे ती.

हाओ, म्हणाले. तसंच असते.
गट बासष्टचा बेहडा वादळात पडला,
अन अकरा वर्षं सातबाऱ्यावर, बेहडा एक.
तुम्ही सांगितलं नाही?
त्यानं इचारलं, बेहडा हाय का. म्हनलो, हाय.
व्हताच ना तिथं. आडवा.
उभा हाय का, हे कोनी इचारलंच नाही.

मी आत गेले, विभाग दोन पुन्हा उघडला.
'आहे का' आणि 'कसं आहे' हे दोन प्रश्न आहेत.
दोन्ही विचारा.
नाव आणि पॅरंट पाहून थांबू नका, जागा पाहा.
दिसण्याची नोंद 'होय' असली
म्हणजे कुणाला दिसतं आहे असं नाही.

हे शेवटचं वाक्य पुण्यात कापलं गेलं.
बकरीचाही ठोकळा केला, ठोकळा_०३,
बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून.
कोण बाहेरचा, मी विचारलं नाही.
मजकुरात बदल केला.
सीनमध्ये नाही.

कोलायडर लावणं एका मिनिटाचं काम.
लावलेला नाही. दुरुस्तीचं उदाहरण आहे ते,
प्रत्येक नव्या एजंटला आधी तिलाच शोधायला लावते.
कुणी एका दमात शोधतो, कुणी म्हणतो
पाच बकऱ्या, सर्व गोठ्यात, काम पूर्ण.
अशा वेळी तो पंखा आठवतो.

संध्याकाळी लॅपटॉप मिटायला घेतला
की बाबा सूप झाडत दारातून विचारतात,
टेकली का खाली?
मी पाहून सांगते.